वीस आसने

भैय्यालालने गठ्ठ्याची गाठ सोडली, तेव्हा सभागृहात जमलेल्या वीस बायकांपैकी कोणीही हसले नाही. हसली ती त्यांना योग शिकवणारी हर्षा; आणि ते हसणे चांगले नव्हते.

"हे काय आणलं?"

"आसनं. वीस."

पवनी गावात हातमागावर अजून बसणारे जे थोडे विणकर उरले आहेत, त्यांपैकी भैय्यालाल एक. जाड सुताची, घट्ट विणीची, तांबड्या काठाची ती आसने दोन फूट लांब आणि तितकीच रुंद होती. पूजेला बसावे अशी. हर्षाला हवी होती सहा फुटांची, ज्यांवर माणूस आडवा होऊ शकेल.

"यावर शवासन कोण करणार, मांजर?" आता मात्र बायकाही हसल्या. "काका, तुमच्या मापाचं गावभर नाव आहे म्हणे!"

भैय्यालालला बोचले ते हे शेवटचे वाक्य. त्याचे माप चुकत नाही, एवढीच त्याची गावात ओळख होती. या वीस बायका हे हसू घरोघरी घेऊन गेल्या, तर संध्याकाळच्या आत बाजारात बोलले जाईल की म्हाताऱ्याला आता माप उमगत नाही. आणि ज्या विणकराविषयी असे एकदा बोलले गेले, त्याच्या दारी पुन्हा कोणी काम घेऊन जात नाही.

म्हणून तो हर्षाशी बोललाच नाही. दाराजवळच्या खुर्चीकडे वळला. तेथे ईश्वर गुरुजी बसले होते. गुरुजी मराठीचे निवृत्त शिक्षक आणि सभागृहाच्या समितीचे सचिव. हर्षाच्या वतीने मागणीपत्र त्यांनीच लिहिले होते, आणि तिने सांगितलेला 'मॅट' हा शब्द त्यांनी त्यात शिरू दिला नव्हता.

"गुरुजी, चिठ्ठी तुमची. वाचून दाखवा."

"मला ती पाठ आहे. 'योगाभ्यासाकरिता आसने, नग वीस.' यात अशुद्ध काय? ज्यावर आसन करावयाचे, ते आसन."

"आमच्यात ज्याच्यावर बसते, थे आसन."

"तो तुमचा संकुचित अर्थ."

"अर्थ राहू द्या!" हर्षा मध्येच कडाडली. तिने एक आसन गुळगुळीत फरशीवर टाकले आणि पायाच्या अंगठ्याने ढकलले. ते थेट भिंतीशी जाऊन थांबले. "हे सहा फुटांचं असतं, तरी मी घेतलं नसतं. पाय फाकवून उभं राहायचं तर खालून पकड लागते, रबर लागतं. पार्वताबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना जाडी लागते. नुसतं बसून श्वासाचा अभ्यास करायचा असेल, तर सुतासारखं दुसरं काही नाही. पण काय करायचंय, ते आधी विचारायला नको? विचारलं कोणी?"

"मी इचारलो," भैय्यालाल म्हणाला. "गुरुजीच्या आंगनात उभा राहून इचारलो. बसाले पाहिजे का निजाले? खाली फरशी हाये का माती, थेही इचारलो."

हर्षाने गुरुजींकडे पाहिले. "विचारलं होतं?"

"प्रश्न असभ्य होता. योगसाधनेच्या संदर्भात 'निजाले' हा शब्द..."

"तुम्ही उत्तर काय दिलंत?"

गुरुजींनी उपरणे सारखे केले. "'आसनाकरिता' असे दिले. ते व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे."

"म्हणजे विचारलं होतं."

"होते."

पुढच्या ओळीतल्या पार्वताबाई मोठ्याने म्हणाल्या, "मंग बुढ्याचं माप नाई चुकलं. गुरुजीचं तोंड चुकलं."

"पार्वताबाई, भाषा सांभाळा!"

"थे तुमीच सांभाळा, गुरुजी. सांभाळली म्हनून तं हे झालं!"

या वेळचे हसू खुर्चीच्या दिशेने गेले. हर्षाने क्षमा मागितली नाही. उरलेले अन्न कोणाला तरी देऊन टाकावे तशा स्वरात ती म्हणाली, "ठेवून जा, काका. प्राणायामाला वापरू."

भैय्यालाल आसने गोळा करीत होता. "नाई."

"अहो, घेते म्हणतेय ना!"

"आयकलो. ज्याले पाहिजे, त्यानं घरी यावं. काय करते, कायच्यावर करते, थे सांगावं. मंग देईन."

"माह्या गुडघ्याखाली चालंन का?" पार्वताबाईंनी विचारले.

"दोन एकावर एक ठेवून शिवतो. उद्या ये."

"उद्या कायले? आताच येतो."

गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या. त्यांच्यामागून आणखी तिघी उठल्या, आणि दाराशी चपला शोधण्याचा आवाज बराच वेळ चालू राहिला. हर्षाने उरलेल्यांना ताडासनात उभे राहण्यास सांगितले. सोळा जणी उभ्या राहिल्या, पण माना त्या आवाजाच्या दिशेने, दाराकडेच वळलेल्या होत्या.