हे शेपूट नव्हे!

मी एक युग्लीना आहे, मित्रांनो. सबंध देह म्हणजे एकच पेशी. मोहरीच्या दाण्यावर आमचं अख्खं गोत मावेल, पण लहान म्हणून माझी कीव करू नका. मला हाडं नाहीत, पाय नाहीत. मनात आलं की चरख्याच्या चातीसारखी लांब होते, नाहीतर फुगून गोळा. अंगात पानाचा हिरवा रंग, उजेड ओळखायला एक लाल ठिपका, आणि तोंडाशी एक लांब धागा. त्याला कशाभिका म्हणतात.

मी जन्मले शाळेच्या प्रयोगशाळेत, खिडकीतल्या बाटलीत. डबक्याचं ते पाणी एका मुलीने आणलं होतं. एखादी गोष्ट धरली की ती सोडत नसे, म्हणून सगळे तिला ‘चिकट’ म्हणत. तिने माझं चित्र काढलं, धागा पुढे दाखवून. बाईंनी लाल फुली मारली.

“अगं, शेपूट कुणी नाकाला लावतं का?”

“ते शेपूट नाहीच, बाई. मी पाहिलंय.”

शिपाईमामा तोवर बाटली उचलून मोरीकडे निघाले होते. “हिचं हे गटार आधी ओततो. वास सुटलाय नुसता!”

“मामा, थांबा ना! बाई, एकदाच बघा.”

“बघते. पण शेपूट मागे निघालं, तर बाटली मोरीत. कबूल?”

“कबूल.”

मला कुणी विचारलंच नाही! हजारो बहिणींचा जीव माझ्या एका धाग्याला टांगला आणि मला काचेवरच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. खालून दिव्याचा झोत आला. थेंब कडेकडेने आटू लागला. मी घाबरून गोळा झाले.

“धागाबिगा काही दिसत नाही हं,” बाई म्हणाल्या.

चिकटने उजेड कमी केला. मग मीही हट्टाला पेटले. धागा पुढे टाकला, फिरवला आणि त्याच्यामागे गिरमिटासारखी गरगरत निघाले.

बाई भिंगावर आणखी वाकल्या. मग म्हणाल्या, “अगं बाई! ही तर स्वतःला ओढत नेतेय.”

त्यांनी वहीतली फुली स्वतः खोडली. “मामा, बाटली परत खिडकीत ठेवा.”

“आणि वास?”

“नाक धरा!”

चिकटने थेंबात थोडं पाणी घालून मला बाटलीत परत सोडलं.

मित्रांनो, गढूळ दिसलं म्हणून पाणी ओतून देऊ नका. ओतण्याआधी एकदा डोळा लावून बघा. नाहीच बघितलंत, तरी मी हिरमुसून बसणार नाही. मला मागून ढकलणारं कुणी नव्हतंच कधी. मी धागा पुढे टाकते, आणि जाते.