दारूचा आळ

हिरामणनं जन्मात दारूला तोंड लावलं नव्हतं. तरी त्याचं पोट फुगलं, डोळे पिवळे झाले, तेव्हा पेणच्या डॉक्टरनं छातीला नळी न लावताच भरल्या दवाखान्यात सांगितलं, "लिव्हर गेलंय. दारू सोड." मिठागरावर त्याच्यासोबत राबणारे सगळे हसले. धाकटा भाऊ जगनही म्हणाला, "चोरून पीत असंल."

सहा महिने लिव्हरच्या गोळ्या झाल्या. पायांवर सूज चढली, तशी बायजाबाईनं नवऱ्याला कासू स्टेशनावरून रेल्वेगाडीत बसवून रोह्याला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मानेच्या फुगलेल्या शिरा पाहून टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केली.

"हृदयाची झडप अरुंद झालीय. रक्त पुढं जात नाही, मागं लिव्हरमध्ये तुंबतं. दारूचा संबंधच नाही. मुंबईला ऑपरेशन करून घ्या."

दुसऱ्या दिवशी जगनला सोबत घेऊन बायजाबाईनं पेणच्या डॉक्टरपुढं रिपोर्ट आपटला.

"वाचा."

डॉक्टर पुटपुटला, "होतं असं कधी कधी."

"दारुडा म्हनलात तवा आवाज चढला व्हता. आता बी मोठ्यानं वाचा."

बाकावरच्या माणसांना ऐकू जाईल असं डॉक्टरनं वाचलं. जगन मान खाली घालून रडू लागला.

बायजाबाईचा राग तसूभरही उतरला नाही. "भाऊजी, रडू नका. परवा मुंबईला त्येंना धरून तुमीच न्यायचं."