सध्या नोकरीत असणाऱ्यांसाठीच

दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लोकांत एक समजूत आहे. माणूस घरी बसला की त्याचा हातही बसतो म्हणे. सहा महिने बसला तर थोडासा, वर्षभर बसला तर कायमचा. ही समजूत कुणी काढली देव जाणे. ज्याने काढली तो स्वतः एक दिवससुद्धा घरी बसलेला नसणार. पण लॅबवाल्यांचा तिच्यावर गाढ विश्वास, आणि म्हणून प्रत्येक जाहिरातीच्या तळाशी एक ओळ ठरलेली: फक्त सध्या नोकरीत असणाऱ्यांनीच अर्ज करावा.

ताई एका लॅबमध्ये सतरा वर्षं मेणात दात बसवत होती. मालक थकला, मुलांनी लॅब बंद करून जागा विकून टाकली, आणि अकरा कामगार एका दुपारी डबे घेऊन घरी आले. त्यातल्या दोघातिघांना आठवड्यात काम मिळालं, कारण आपण अजून नोकरीतच आहोत असं त्यांनी बिनदिक्कत ठोकून दिलं. ताई पडली नाकासमोर चालणारी. तिने अर्जात लिहिलं, 'लॅब बंद झाल्यामुळे सध्या काम नाही.' पहिल्या ठिकाणी अर्ज खिडकीतूनच परत आला. दुसऱ्या ठिकाणी खिडकीतल्या बाईने निदान वाचला.

"एवढ्या चांगल्या होतात तर काढलं का तुम्हाला?"

"काढलं नाही हो. लॅबच बंद झाली."

"तेच ते," बाई म्हणाली आणि पुढच्याचा कागद घेतला.

असे दोन महिने गेले. मग तिच्या थोरल्या भावाने, दादाने, यावर तोड काढली. त्याची स्वतःची लॅब होती. लॅब कसली, दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत प्लास्टर आणि आतल्या खोलीत मेण. "माझ्याकडे येऊन बस," तो म्हणाला. "हात चालू राहील. कुणी विचारलंच तर इथे कामाला आहेस म्हणून सांगू. पगाराचं तेवढं बोलू नकोस, माझंच कसंबसं चाललंय."

"म्हणजे फुकट राबायचं?" तिच्या नवऱ्याने विचारलं. तो सामान पोचवायची गाडी चालवायचा आणि त्याच्या एकट्याच्या कमाईवर घर ओढून ओढून महिना गाठत होतं.

"घरी बसून तरी कोण पगार देतंय?" ताई म्हणाली. "आणखी काही महिने रिकामी राहिले ना, तर मला कुणी दारातही उभं करणार नाही."

तो टीव्हीचा आवाज वाढवून बसला.

आठ महिने ती दादाकडे जात राहिली. सकाळी नऊला यायची, संध्याकाळी सहाला निघायची. पांढऱ्या खोक्यांमधून दात नसलेले प्लास्टरचे जबडे यायचे, ती त्यावर मेण चढवून एकेक दात बसवायची आणि खोकी परत जायची. खोक्यांवर नाव नसायचं. कुणाची कामं म्हणून विचारलं तर दादा म्हणायचा, "आहेत आपले एक जण." कामं वाढत गेली. दादाने बाहेरच्या खोलीत एसी बसवला. बाहेरच्या खोलीत तो स्वतः बसायचा.

मग शहरातल्या सगळ्यात मोठ्या लॅबची जाहिरात आली. कायमची नोकरी, आणि तळाशी ती ओळ. आता मात्र ती ओळ वाचून ताईला धाप लागली नाही. तिने अर्जात 'सध्या कुठे' या रकान्यात दादाच्या लॅबचं नाव लिहिलं.

"मी एका ठिकाणी अर्ज केलाय," तिने दादाला सांगितलं. "कुठे ते आत्ता विचारू नको, नाही जमलं तर उगाच हसं व्हायचं. फोन आला तर तेवढं सांगशील ना?"

"सांगेन की. सख्खी बहीण आहेस."

चाचणीला बारा जण होते. एका लांब टेबलावर प्रत्येकापुढे एक जबडा, मेण, दातांचा पुडा आणि तीन तास. ताईने जबडा हातात घेऊन बघितला. हिरड्या पार झिजलेल्या, म्हणजे माणूस म्हातारा. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडात एका रांगेत पांढरेशुभ्र दात बसवले की तो हसताना उसना दिसतो. म्हणून ती नेहमी समोरच्या दोन दातांशेजारचा डावा दात केसभर आत वळवायची. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. तिचे हात आपसूक तसं करायचे आणि आजही त्यांनी तेच केलं.

वेळ संपल्यावर मोठे साहेब एकेकाचं काम बघत आले. बाकीच्यांपाशी ते थांबलेही नाहीत. ताईची कवळी त्यांनी उचलली, खिडकीपाशी नेली आणि तिला आपल्या खोलीत बोलावलं. त्यांनी कपाटातून एक पांढरं खोकं काढून तिच्यापुढे उघडलं.

"हे कुणाचं काम आहे, ओळखता?"

ताईने बघितलं. डावीकडचा दात केसभर आत. गेल्याच आठवड्यात तिने या जबड्यावर अर्धा दिवस घालवला होता. आता शहाण्या माणसाने इथे तोंड मिटून बसावं की नाही? पण सतरा वर्षांत कुणी तिचं काम खिडकीच्या उजेडात नेऊन पाहिलं नव्हतं.

"माझं," ती म्हणाली. "मीच केलंय हे."

"वाटलंच मला," साहेब म्हणाले. त्यांनी अर्जावरचा फोन नंबर लावला आणि फोन टेबलावर ठेवला. दादाचा आवाज खोलीभर आला, मोठ्या गिऱ्हाइकाशी बोलतानाचा मऊ आवाज.

"तुमच्याकडे एक बाई दात बसवतात म्हणे," साहेब म्हणाले. "नोकरीला ठेवलंय त्यांना?"

"छे हो साहेब. बहीण आहे माझी. काम सुटल्यापासून घरीच असते, जरा मन रमावं म्हणून येऊन बसते. नोकरी कसली."

साहेबांनी फोन बंद केला. "ऐकलंत. म्हणजे तुम्ही दहा महिने रिकाम्या आहात. आमचा नियम तुम्हाला माहीत आहे."

"साहेब, काम तुमच्या हातात आहे. माझा हात बसलाय का, तुम्हीच सांगा."

"हात उत्तम आहे तुमचा. इतका हात इथे कुणाचा नाही," साहेब म्हणाले. "पण तो आम्हाला तुमच्या भावाकडून मिळतोच आहे, निम्म्या खर्चात. वर पगार, रजा, औषधपाणी कशाला अंगावर घ्यायचं?" त्यांच्या बोलण्यात राग नव्हता की लाज नव्हती. बसची वेळ सांगावी तसं त्यांनी सांगितलं.

ताईने आपली कवळी उचलायला हात पुढे केला.

"ती राहू द्या," साहेब म्हणाले. "पेशंटची आहे. बाराही पेशंटच्याच आहेत, उद्या द्यायच्या आहेत."

बसमध्ये ती रडली नाही. दादाच्या लॅबच्या पायऱ्या चढेपर्यंत तिला फक्त चीड येत होती, आणि बाहेरच्या खोलीत दादा दिसल्यावर ती सगळी एकदम बाहेर पडली.

"मन रमावं म्हणून येते मी?"

"तू तिथेच गेली असशील हे मला काय माहीत?" दादा म्हणाला. "दुसऱ्या कुणाचा फोन असता तर सांगितलं असतं. तू तिकडे गेलीस तर ते मला काम देतील का? माझ्या पोरांनी काय करायचं?"

"आणि माझ्या?"

"तुझा नवरा आहे ना कमावता."

ताईने पर्स खांद्याला लावली. दादा आडवा आला नाही. जबड्याचं प्लास्टर तासता तासता त्याने एवढंच विचारलं, "पुढच्या अर्जात काय लिहिशील मग?"

ती दारात उभी राहिली. दहा महिने झाले होते. वर्ष भरायला दोन उरले होते. ती म्हणाली, "मला लिहून दे. मी इथे कामाला आहे म्हणून. सही आणि शिक्का मारून."

"हे आधीच मागितलं असतंस तर दिलं नसतं का?" दादाला हायसं वाटलं होतं, ते त्याला लपवता आलं नाही. त्याने लॅबच्या छापील कागदावर झरझर चार ओळी लिहिल्या, शिक्का मारला आणि कागद पुढे केला.

ताईने वाचलं. "यात आजची तारीख आहे. आठ महिन्यांपूर्वीची घाल."

"ती कशी घालू? तेव्हा तू कामाला नव्हतीस. दुपारीच मी साहेबांना सांगितलंय." तो खरोखरच दुखावला होता. "खोटं लिहून त्याच्यावर सही करायला सांगू नकोस मला."

ताईने कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली. मग आतल्या खोलीत जाऊन तिने खुर्ची पुढे ओढली आणि मेण तापायला लावलं, कारण आज तिच्या नोकरीचा पहिला दिवस होता आणि सहा जबडे या आठवड्यात पोचवायचे होते.