दोनशे पाच, पन्नास, सतरा

"तिला तिथेच धरून ठेव," फोनमधून तिच्या दिराचा, ओस्मोनालीचा आवाज घोगरा येत होता. "काहीही कर, पण बारा वाजेपर्यंत तिला घराकडे फिरकू देऊ नकोस."

सगीनच्या एका हातात फोन होता, दुसऱ्यात गोटी पाना. पाना त्याने खाली ठेवला.

"कधी झालं?"

"काल संध्याकाळी. मॉस्कोत. वहिनीचा एर्मेक नवव्या मजल्याच्या परांचीवरून पडला. त्याच्या खोलीतल्या पोरांनी मला कळवलं, वहिनीला नाही, एवढं नशीब. कोच्कोरहून म्हातारे निघालेत. अंगणात शोकाचा तंबू उभा राहायचाय, डॉक्टरीण बाई यायचीय. आणि वहिनी ती चाकं डिकीत घालून तुझ्याकडे निघाली."

"मला खोटं बोलता येत नाही, ओस्मोनाली."

"खोटं कुठे बोलायचंय? टायर बसवायचेत. हळूहळू बसव."

फोन बंद झाला. तळ्यावरचा वारा टपरीच्या पत्र्यावर थापा मारत होता. बालिक्चीत वारा नसेल तर लोक दार उघडून आभाळाकडे बघतात, तसलं ते गाव.

मरायला माणसाला क्षण पुरतो, सांगायला मात्र अख्खं गाव लागतं. कुत्र्यापुढे हाड टाकावं तशी मरणाची बातमी तिथे कुणी आईपुढे टाकत नाही. म्हातारे जमतात, आडवळणाने बोलत बोलत मुद्द्यावर येतात आणि मग सगळे मिळून सांगतात. पडणाऱ्याला धरायला हात हवेत, म्हणून. तोवर चुलत्यापासून पाववाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं, ठाऊक नसतं ते फक्त जिचं गेलं तिला.

सगीनने हे भोगलं होतं. आठ वर्षांपूर्वी त्याची बायको राजधानीच्या दवाखान्यात गेली, तेव्हा शेजारच्या कादिरने त्याला बुद्धिबळाला बसवलं. कादिर, जो जन्मात कुणाकडून हरला नव्हता, तो त्या सकाळी ओळीने सात डाव हरला. आणि सगीन, मूर्ख, सातही वेळा हसला होता. ते हसणं त्याने स्वतःला माफ केलं नाही. सोंगट्या चुलीत घातल्या.

आणि आज कादिर व्हायची पाळी त्याच्यावर आली होती.

जुनी ऑडी धूर सोडत दारात उभी राहिली. बुबुकान उतरली. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, पायात नवऱ्याचे बूट. हमरस्त्यावर भाजलेली मासळी विकून तिने एक नवरा पुरला होता आणि एक मुलगा वाढवला होता. नाकावर माशी बसू देत नसे. मासळीवर तर नाहीच नाही.

"काय रे सगीन, उभा काय राहिलास खांबासारखा? डिकी उघड. माझ्या पोराने पाठवलेली चाकं बघ, डोळे दिपतील तुझे."

"या, एजे. बसा. चहा घेता?" थोरल्या बहिणीला म्हणतात तसं तो तिला एजे म्हणे.

बुबुकान थबकली. "चहा? तीस वर्षं तुझ्याकडे येतेय, तू कधी पाणी विचारलं नाहीस."

"वारा गार आहे, एजे."

"वारा काय आज सुटलाय?" असं म्हणून ती आडव्या टायरवर बसली खरी.

सगीनने चाकं उतरवली. सतरा इंची अलॉय चाकं, पाच पाकळ्यांची, चांदीसारखी लखलखीत. एर्मेकने ती मॉस्कोत जुन्या बाजारात घेऊन मालाच्या बसने पाठवली होती. प्रत्येक चाक त्याच्या जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळलेलं. सगीनने ते चार स्वेटर घडी करून बाकावर ठेवले. घड्या नीट पडेनात.

"शुक्रवारी विमान आहे त्याचं," बुबुकान सांगत होती. "सहा वर्षांनी येतोय. म्हणाला, आई, बाबांची गाडी नवरीसारखी सजवून विमानतळावर आण. मागे दिराची पोरं बसवणार आहे, तिघं. आणि त्याच्या बॅगा. हे घे, टायरचं माप. त्याने फोनवर सांगितलं, मी लिहून घेतलं."

मासळीच्या खोक्याचं झाकण होतं ते. त्यावर कोळशाने आकडे काढले होते, 225, 45, 17. शाळेचं तोंड तिने जेमतेम दोन वर्षं पाहिलेलं. पाचाचं पोट उलट्या बाजूला गेलं होतं, पण आकडे चुकले नव्हते.

रोजचा सगीन असता तर त्याने टायर काढले असते, चढवले असते आणि अर्ध्या तासात "झालं, न्या" म्हणून मोकळा झाला असता. पण आज समोर तीन तास पडले होते. ते कशाने भरायचे? एवढं बोलायला त्याच्याकडे एकच विषय होता.

"एजे, हे माप बसणार नाही."

"का बसणार नाही? तो मॉस्कोत राहतो, तू या पत्र्याच्या डब्यात. कोणाला जास्त कळतं?"

"समजावून सांगतो." सगीन गुडघे मोडून जुन्या चाकापाशी बसला. "हा तुमचा जुना टायर. एकशे पंच्याण्णव, पासष्ट, पंधरा. पहिला आकडा रुंदीचा. दुसरा म्हणजे टायरची बाजू रुंदीच्या शेकडा किती उंच ते. तिसरा आतल्या चाकाचा, इंचात. आता चाक दोन इंचांनी वाढलं, तर बाजू तेवढी बुटकी करायची, म्हणजे एकूण उंची होती तेवढीच राहते. नाही राहिली तर वेगाचा काटा खोटं सांगतो. गाडी नव्वदने पळते आणि काटा म्हणतो पंच्याऐंशी."

"मग एर्मेकने चुकीचं सांगितलं?"

"उंची बरोबर सांगितली. पोरगा हुशार—" सगीनने टायरवरची धूळ पुसली. तो खोकला. "हुशार आहे. पण दोनशे पंचवीस म्हणजे रुंद. ही चाकं हबपासून, म्हणजे जिथे बोल्ट बसतात तिथून, जरा बाहेर येतात. रिकामी गाडी पळेल झकास. पण मागे तिघं बसली, डिकीत बॅगा पडल्या, की मागचं दाबलं जाणार. खड्डा आला की टायर मडगार्डला घासणार. घासून घासून तापला की फुटणार. त्यापेक्षा दोनशे पाच, पन्नास घालू. उंची तीच, फक्त अरुंद."

"अरुंद! माझ्या पोराने रुंद सांगितलंय. रुंद टायरने गाडीला ऐट येते म्हणाला. तू म्हणजे उंटावरचा शहाणा. बघू तरी घालून."

मग सगीनने एका चाकावर दोनशे पंचवीसचा टायर चढवला. त्या चाकांचं मधलं भोक हबपेक्षा मोठं होतं, मध्ये रिंग हवी होती. डब्यात चाळीस रिंगा होत्या आणि कोणती लागणार हे त्याला पाहताक्षणी कळलं होतं. तरी त्याने एकेक लावून पाहिली. त्याचे गुडघे बंदरावरच्या नोकरीपासूनच गेले होते. होड्या बंद पडल्यावर त्याने ही टपरी टाकली आणि तेव्हापासून त्याचं निम्मं आयुष्य असं जमिनीशी बोलण्यात गेलं. मध्येच एक ट्रकवाला आला, त्याला त्याने हातानेच परत पाठवलं. दुसरा आला, त्यालाही.

चाक चढवल्यावर त्याने मडगार्डखाली हात घातला. "बघा, एजे. माझं एक बोटसुद्धा जात नाही."

"तुझी बोटं जाड आहेत." बुबुकान उठली. बुटाच्या टाचेने टायर दाबून पाहिला. मग खिशातून तडा गेलेला फोन काढला. "थांब. त्यालाच विचारते. गाडी त्याच्या बापाची, चाकं त्याची, तू कोण ठरवणारा?"

तिने मुलाच्या फोटोवर बोट दाबलं होतं. पलीकडे घंटी वाजू लागली.

"द्या इकडे!" त्याने फोन जवळजवळ हिसकावलाच. "तुम्हाला यातलं कळणार नाही. मी बोलतो त्याच्याशी."

तो टपरीमागे धावला. घंटी थांबली. कुणीतरी तरुण, एर्मेकच्या खोलीतला असावा, रडून आवाज बसलेला, आईला हाक मारावी तसं म्हणाला, "अपा? अपा, आम्ही..."

सगीनने फोन कापला. बंदच करून टाकला. मग पत्र्याला पाठ लावून तो उभा राहिला. पत्र्यापलीकडे ती होती, सगळं ऐकत. त्याने बंद फोन कानाला लावला.

"हां, एर्मेक. मी सगीन-आके." तो बोलू लागला. "अरे, तू दोनशे पंचवीस सांगितलंस, पण ते घासतंय रे बाळा. मागे वजन येणार ना. हो. हो. ऐट येते, खरंय. पण तुझ्या आईला या घाटातून यायचंय, रस्ता कसला आहे तुला माहीत आहे..." वाऱ्याने डोळ्यांत पाणी आलं, की आपसूक आलं, कोण जाणे. तो बोलतच राहिला. थांबला की खरं होईल, असं त्याला वाटत होतं. "बरं. बरं. मग दोनशे पाच घालतो. काळजी करू नकोस. नीट घालतो."

परत आला तेव्हा बुबुकान तशीच उभी होती.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, सगीन-आके म्हणतील तसं करा."

बुबुकानने त्याच्याकडे बघितलं.

"माझा एर्मेक असं म्हणाला? सात वर्षांचा असताना सायकलच्या ट्यूबवरून दोन तास भांडला होता तुझ्याशी, याच जागी. तुझं म्हणणं कधी एका झटक्यात मानलंय त्याने?"

सगीन रिंगांचा डबा बंद करू लागला.

"आणि आईला फोन दे म्हणाला नाही? तो आधी विचारतो, आई जेवलीस का. मग बाकीचं."

तिची नजर टपरीभर फिरली. न प्यालेला चहा, परत धाडलेली गिऱ्हाइकं, नीट न पडलेल्या स्वेटरांच्या घड्या. दोन हिवाळ्यांपूर्वी तिने स्वतः शेजारणीला पहाटेपासून दुपारपर्यंत लोकर निवडायला बसवलं होतं, शेजारणीची मुलगी बाळंतपणात गेली तेव्हा. "हातानेच निवड ग, सुंदर गोधडी होईल," असं म्हणाली होती. या कामात तिला कुणी काय शिकवावं!

"सगीन," ती म्हणाली. आवाज एवढा साधा की जणू मिठाचा भाव विचारतेय. "किती वाजेपर्यंत थांबवायला सांगितलंय तुला?"

सगीनने पाना उचलला.

"विचारलं ते सांग."

"बारा."

तिने भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. साडेदहा झाले होते. ती सावकाश टायरवर बसली. दोन्ही हात मांडीवर ठेवले, मासळीच्या मिठाने चिरलेले.

"एजे, मी..."

"तोंड उघडशील तर त्याच पान्याने दात पाडीन. ते सांगणं म्हाताऱ्यांचं आहे. लांबून यायला निघालेत बिचारे, त्यांच्या तोंडचं काढून घेऊ नकोस." मग ती म्हणाली, "आणि मलाही घाई नाही. अजून दीड तास माझा मुलगा शुक्रवारी यायचाय. तेवढा वेळ मला टायर बघू दे."

सगीनने दोनशे पंचवीसचा टायर उतरवला. दोनशे पाचचे चार काढले, पुसले. तिने मध्येच विचारलं, "पहिला आकडा कसला म्हणालास?" त्याने पुन्हा सांगितलं. ती मान हलवत राहिली. त्याने चाकं फिरवून तोलली, शिशाचे तुकडे लावले. बोल्ट त्याने आवळले समोरासमोर, चांदणी काढतात तसे. एका चाकाला पाच. एकूण वीस.

"मागे पोरं बसली तरी घासणार नाही ना?" तिने विचारलं.

"नाही, एजे. तिघं बसली तरी दोन बोटं जागा राहील."

"बरं झालं."

बाराला पाच कमी असताना ती उठली. स्वेटर उचलले. सगीनने किल्लीसाठी हात पुढे केला तशी ती म्हणाली, "माझे हात मोडलेत का? बस बाजूला."

अंगणात लोकरीच्या नमद्याचा तंबू उभा होता. म्हातारे काठ्या टेकून ओळीने उभे होते, कुणी तिच्याकडे बघत नव्हतं. मृताच्या नावाने तळायच्या रोट्यांसाठी तेल तापल्याचा वास येत होता. बुबुकानने गाडी सरळ लावली, चाकं सरळ केली, किल्ली काढली. कोच्कोरचा सगळ्यांत म्हातारा माणूस पुढे आला. "बुबुकान," तो थरथरत म्हणाला, "या जगात नदी आली ती वाहून गेली, पाहुणा आला तो उठून गेला..."

ती मान खाली घालून ऐकत उभी राहिली. जिला काहीच माहीत नाही अशी. त्याला शेवटपर्यंत बोलू दिलं. शब्द अडला तेव्हा थांबलीसुद्धा. आणि जेव्हा तो शब्द आला, तेव्हा तिने जी किंकाळी फोडली ती खरी होती. दीड तास दाबून ठेवलेली.

शुक्रवारी पहाट सरता सरता ऑडी पुन्हा टपरीपुढे आली. ओस्मोनाली एकटाच होता. एर्मेकची शवपेटी आणायला गावची मोठी गाडी पुढे गेली होती, तोही विमानतळावर निघाला होता. विमान तेच होतं, तिकीट काढलेलं.

"वहिनी म्हणाली, आपली गाडी रिकामी का होईना, पण गेली पाहिजे. बोलावलंय त्याने," ओस्मोनाली म्हणाला. "आणि म्हणाली, आधी सगीनकडे थांब. नवी चाकं आहेत, बोल्ट पुन्हा आवळून घे."

सगीन गुडघे मोडून बसला. वीस बोल्ट. एकही सैल नव्हता. तरी त्याने प्रत्येकावर पाना टेकवला, प्रत्येकाला जोर दिला. शेवटी मागच्या चाकाशी येऊन सवयीने मडगार्डखाली हात घातला.

दोन बोटं सहज गेली. तिसरंही गेलं. मागे कुणी बसलेलं नव्हतं.