शांततेची व्यवस्था

त्या श्रवण-तपासणी केंद्रात सर्वांत मौल्यवान काय आहे, असं कुणी विचारलं असतं तर तिथल्या श्रवणतज्ज्ञ बाईंनी एकाही यंत्राकडे बोट दाखवलं नसतं. त्यांनी कोपऱ्यातल्या जाड भिंतींच्या, एका खुर्चीपुरत्या खोलीकडे दाखवलं असतं आणि सांगितलं असतं की या खोलीत काहीही नाही, हेच तिचं मोल. माणसाला खुर्चीवर बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, दार लावायचं आणि बाहेरून एकेक बारीक सूर सोडत त्याला काय ऐकू येतं ते पाहायचं. बाहेरचा आवाज आत शिरला तर ती कानाची तपासणी राहत नाही, अंदाज होतो. आणि अंदाज बांधायला शिक्षण लागत नाही; ते काम मामा विनामूल्य करत असे.

मामा म्हणजे मालकांचा मेहुणा आणि केंद्राचा व्यवस्थापक. मालकांची मुलं त्याला मामा म्हणत, म्हणून नोकर, पुरवठादार आणि दुसऱ्या खेपेपासून गिऱ्हाइकंही त्याला मामाच म्हणत. त्याला कोणत्याच कामाचा अनुभव नव्हता, त्यामुळे कोणत्याच कामाची भीती नव्हती. ज्या खोलीत काही नाही ती त्याच्या लेखी रिकामी होती, आणि रिकामी जागा पाहिली की त्याच्या जिवाला चैन पडत नसे. दुपारी जेवण झालं की तो त्या खोलीत जाऊन फोनवर बोलत असे, आणि बोलून दमला की तिथेच घोरत असे. फोन संपू नये म्हणून चार्जरची वायर बाहेरून दाराच्या फटीतून आत घेतलेली असे. रोज त्या वायरवर दार दाबून दाराच्या कडेची रबरी पट्टी एका जागी चिरली.

"एवढीशी तर वायर आहे, मॅडम," तो म्हणाला होता.

"आवाज तिच्याहून बारीक असतो," बाई म्हणाल्या होत्या.

"हो का?" मामाने कौतुकाने विचारलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी जरा जाड वायर आणली होती.

आज तपासनीस यायचा होता. दरवर्षी तो खोलीत मायक्रोफोन ठेवी, दार लावी आणि बाहेर बसून पडद्यावरची रेघ पाही. इमारतीचे नेहमीचे व्यवहार चालू असताना ती रेघ काही मिनिटं सलग मर्यादेखाली राहिली पाहिजे, एवढीच अट. नवी रबरी पट्टी पुढच्या आठवड्यात येणार होती. तारीख पुढे ढकलता येत नव्हती, कारण ती एकदा ढकलून झाली होती. कुणालाही न विचारता मामानेच ती ढकलली होती, कारण त्या दिवशी त्याला केस कापायचे होते. आणि आज रेघ वर गेली तर केंद्राला श्रवणाचे दाखले देता येणार नव्हते. मालकांनी त्याचीही सोय लावून ठेवली होती.

"मग तपासणीच बंद करू," ते म्हणाले होते. "नुसती कानातली यंत्रं विकू. मामा दुकान बघेल, मॅडम त्याच्या हाताखाली काउंटर सांभाळतील."

कानाच्या आतल्या तीन इवल्या हाडांच्या अभ्यासात बाईंनी तारुण्य घालवलं होतं. उरलेलं आयुष्य मामाच्या हाताखाली "तुम्हाला कोणत्या रंगात हवं?" असं विचारण्यात घालवण्याची त्यांची तयारी नव्हती. म्हणून सकाळी सगळ्यांना एकत्र बोलावून, स्वतःच्या स्वभावाला मुरड घालून, त्यांनी हात जोडले. "आज तपासणीच्या वेळी थोडा वेळ कुणी बोलू नका. बाकी काहीही करू नका. फक्त बोलू नका."

इथेच त्यांचं चुकलं. मामाला काही न करण्याची विनंती करणं म्हणजे त्याच्यावर मोहीम सोपवण्यासारखं होतं.

"तुम्ही निर्धास्त राहा," तो छातीवर हात ठेवून म्हणाला. "शांततेची सगळी व्यवस्था माझ्याकडे लागली."

तपासनीस वेळेवर आला. हडकुळा, अबोल माणूस. बाईंना तो पाहताक्षणीच आवडला. त्याने मायक्रोफोन आत ठेवला, दार लावलं, पडद्यासमोर बसला आणि मान हलवली. रेघ खाली आली, मर्यादेच्या जवळ पोचली, आणि त्याच क्षणी बाहेरच्या मार्गिकेत मामा गरजला, "शांतता!"

रेघ ताडकन उभी राहिली.

"शांतता राखा! आत काम चालू आहे!" एकेका दारावर थाप मारत मामा पुढे निघाला. "ओ, तुम्हाला सांगतोय, शांतता!"

तपासनिसाने पडद्यावरच्या सुळक्यावर बोट ठेवलं. "हा आवाज कसला?"

"शांततेचा," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या खेपेला मामाला बाईंच्या शेजारी बसवून ठेवण्यात आलं. आता पाळी होती स्वागतिकेची. बाईंनी मनातल्या मनात तिचं नाव तुतारी ठेवलं होतं, आणि त्या नावात अतिशयोक्ती नव्हती. पण आज तिने खरोखर मनावर घेतलं होतं. ती ओरडत नव्हती, कुजबुजत होती. फोन वाजला की उचलायची आणि पलीकडच्याला तपशीलवार कुजबुजून समजवायची, "आत्ता बोलता येणार नाही हं. नाही, नाही, कुणी गेलं नाहीये. आमच्याकडे शांतता चालू आहे. हो ना, सकाळपासून. कशासाठी म्हणून काय विचारता, मोठी गंमत आहे..."

कुजबुजण्यात सगळा सकार-शकारांचा फवारा असतो, आणि बारीक फटीतून नेमके तेच उंच सूर आत शिरतात. हे बाईंनी तिला अनेकदा सांगितलं होतं. दर वेळी ती "अय्या!" म्हणाली होती.

रेघ थरथरत मर्यादेच्या वरच राहिली. तुतारीसमोरच्या बाकावर सकाळची एकुलती एक गिऱ्हाइकं बसली होती: नवरा आणि बायको. नवऱ्याला ऐकू येत नाही अशी बायकोची तक्रार होती. तपासनीस येण्याआधीच बाईंनी त्याची तपासणी उरकली होती आणि त्याचे कान एखाद्या तरुणाला हेवा वाटावा इतके उत्तम निघाले होते. बायको आता लेखी दाखल्यासाठी अडून बसली होती. नवरा मात्र संधी साधून दोनदा बाईंच्या टेबलापाशी येऊन गेला होता.

"थोडं तरी कमी लिहा ना, मॅडम. एका कानाचं तरी."

"जे आहे ते लिहिणार."

"अहो, माझा संसार आहे."

तिसऱ्या खेपेला तुतारीने फोनची वायर काढून ठेवली. रेघ खाली आली. तपासनीसही जरा पुढे झुकला. एवढ्यात डोक्यावर धडाम्! तळापासून छतापर्यंत सगळी इमारत हादरली. वरच्या मजल्यावर व्यायामशाळा होती. तिथला मास्तर, ज्याला सगळे पैलवान म्हणत, शिष्यांकडून वजनं उचलून घेई आणि ती जमिनीवर ठेवायची असतात हे त्यांना कधीच शिकवत नसे.

"मी बघतो!" मामा उठलाच. बाईंनी अडवायच्या आत तो जिन्यात होता. थोड्या वेळाने तो पैलवानाला घेऊनच खाली आला, आणि पैलवानामागोमाग त्याचे घामाने निथळणारे सगळे शिष्य जिन्यावर येऊन उभे राहिले.

"कोण म्हणतं आमचा आवाज येतो?" पैलवानाने विचारलं. त्या आवाजाने टेबलावरचा पेला किणकिणला.

"अहो पैलवान, मी यांना तेच सांगत होतो," मामा म्हणाला, "की तुमच्यापेक्षा आमच्याकडेच जास्त आवाज आहे."

"मग! वजन पडलं की आवाज होणारच. मी काय कापूस उचलायला शिकवू?"

"कापसावरनं आठवलं," तुतारी म्हणाली, "कानात कापूस घालून बसलो तर?"

"कोणाच्या?" मामाने उत्सुकतेने विचारलं.

"त्या मायक्रोफोनच्या!"

"वा!" मामा म्हणाला. "बघा मॅडम, हिला सुचलं."

"माझा दाखला तेवढा द्या हो," बाकावरून बायको ओरडली. "ह्यांना ऐकू येतं ते मला घरी भिंतीवर लावायचंय."

तपासनिसाने घड्याळ पाहिलं. "अजून एकदाच बघतो," तो खाली मान घालून म्हणाला. "नाहीतर मला तसं लिहावं लागेल."

आता बाईंना समोर काउंटर दिसला. काउंटरमागे आपण, आपल्यामागे मामा, आणि मामाच्या हातात चार्जर. त्या उठल्या. त्या ओरडल्या नाहीत. विद्यार्थ्यांना निदान समजावून सांगावं तशा सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलू लागल्या.

"मामा, ही खोली बांधताना आवाज आत जाऊ नये म्हणून शिसं, काच, लोकर, काय काय वापरावं लागलं. तुमच्या डोक्याच्या बाबतीत निसर्गाने तेच काम नुसत्या हाडात साधलंय. फरक एवढाच, की या खोलीची पट्टी चिरल्यावर तिच्यात काहीतरी शिरू लागलं. तुमच्या बाबतीत तीही आशा नाही."

मामाची हलणारी मान थांबली.

"आणि तुतारीबाई, हो, मी तुम्हाला हेच म्हणते, तुतारी निदान कुणीतरी फुंकल्यावर वाजते. तुम्हाला फुंकणाऱ्याचीही गरज नाही. पैलवान, तुम्ही गेली कित्येक वर्षं लोकांना जड वस्तू वर न्यायला शिकवताय. वस्तू खाली आपण होऊन येते, हा शोध तुम्हाला रोज नव्याने लागतो आणि रोज तुम्ही तितकेच दचकता. आणि बाई, तुमच्या यजमानांचे कान निर्दोष आहेत. इतके निर्दोष कान असताना ते तुमचं ऐकत नाहीत, याचा अर्थ दाखल्यावर लिहिण्याची माझी हिंमत नाही, पण तो भिंतीवर लावण्याआधी तुम्ही एकदा विचार करा."



मामा वळला आणि भिंतीकडे तोंड करून खुर्चीवर बसला. तुतारीने ओठ घट्ट मिटले, पदर सावरला आणि खिडकीबाहेर पाहू लागली. पैलवान दंडांवर हात बांधून, गाल फुगवून दाराशी उभा राहिला. गुरू खाली रुसल्यावर वर वजनं मोजायला कोण, म्हणून शिष्यही जिन्यावर खिळून राहिले. बाकावरच्या बायकोने बाईंशी बोलायचं नाही असं ठरवलं, आणि वड्याचं तेल वांग्यावर काढावं तसं नवऱ्याशीही. नवऱ्याच्या चेहऱ्यावर हळूहळू एक अद्भुत प्रकाश पसरत गेला.

तपासनिसाने आवाज न करता पडद्याकडे बोट दाखवलं. रेघ उतरत होती. मर्यादेखाली गेली, आणखी खाली गेली, आणि पट्टी अखंड असतानाही कधी गेली नव्हती इतक्या खाली जाऊन सरळ पडून राहिली. अबोला! या माणसांना शांत राहायला सांगून ती शांत होत नव्हती, कारण शांत राहणं हा त्यांच्यासाठी एक कार्यक्रम होता आणि कार्यक्रम आवाजाशिवाय होत नाही. रुसणं मात्र त्यांना उपजत येत होतं. त्यात त्यांची शिस्त लष्कराला लाजवणारी होती.

ठरलेली मिनिटं पुरी झाली. तपासनिसाने कागदावर 'इमारतीचे व्यवहार नेहमीप्रमाणे चालू' असं लिहिलं, सही केली आणि दबक्या स्वरात म्हणाला, "कर्मचारी फार शिस्तीचे आहेत तुमचे."

"तयारी करून घ्यावी लागते," बाई म्हणाल्या.

तो गेल्यावर मामाने भिंतीकडे पाहतच तुतारीला सांगितलं, "त्यांना म्हणावं, झालं ना एकदाचं मनासारखं?"

तुतारीने खिडकीकडे पाहत सांगितलं, "मामा म्हणतात, झालं ना मनासारखं. आणि मीही तेच म्हणते, असं त्यांना कुणीतरी सांगा."

नवरा दाराबाहेर पडता पडता मागे रेंगाळला. "मॅडम," तो अगदी हळू म्हणाला, "पुढच्या आठवड्यात पुन्हा दाखवायला येऊ का? हिला घेऊन?"

त्यानंतरचे दिवस बाईंच्या नोकरीतले सर्वांत सुखाचे गेले. चिठ्ठ्या येत, हातवारे होत, निरोप तिसऱ्यामार्फत जात. खोलीत कुणी घोरत नसे, कारण त्या खोलीचं तोंड पाहायचं नाही असं मामाने ठरवलं होतं. तपासण्या वेळेवर होत आणि एकही पुन्हा करावी लागत नसे. वर पैलवानाने शिष्यांना ताकीद दिली होती की त्या बाईला आपला आवाजसुद्धा ऐकवायचा नाही, शिक्षा म्हणून! बाई ती शिक्षा मनोभावे भोगत होत्या.

मग नवी पट्टी आली, दाराला बसली, आणि त्याच दुपारी मामा, तुतारी आणि पैलवान एकत्र बाईंच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. तिघांच्या चेहऱ्यांवर एक भीषण कोमलता होती.

"मॅडम," मामा म्हणाला, "आमचं बोलणं झालं. त्या दिवशी तुमच्यावर ताण होता. माणूस बोलून जातो. आम्ही मनातून काढून टाकलं."

"सगळं!" तुतारी म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "किती बोलायचं साचलंय, मॅडम!"

"आणि शेवटी त्या दिवशी शांत बसलं कोण?" मामाने विचारलं. "आम्हीच ना? मी म्हटलं होतं, व्यवस्था माझ्याकडे लागली!" त्याने खिशातून चार्जर काढला आणि नव्या पट्टीकडे प्रेमाने पाहिलं. "ही पट्टी मजबूत दिसते. वायर सहज जाईल."

वर धडाम् झालं. शिष्यांनाही बातमी कळली होती.

बाईंनी लेखणी बाजूला ठेवली. एका प्रयोगावरून निष्कर्ष काढणं शास्त्रीय नव्हे, हे त्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगत. तीच परिस्थिती, तीच माणसं, आणि पुन्हा तोच परिणाम मिळाला तरच काही म्हणता येतं. परिस्थिती तीच होती. माणसं तर हुबेहूब तीच होती.

"मामा," त्या अत्यंत सौजन्याने म्हणाल्या, "बसा. तुतारीबाई, पैलवान, तुम्हीही बसा. मला तुमच्याविषयी आणखी थोडं बोलायचंय."