डबल बेलची मोटार

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. किती जुनी म्हणाल, तर ज्या कारागिरांनी माझे नटबोल्ट आवळले ते सगळे वर गेले, आणि ते नटबोल्टही वरच गेले. म्हणजे घाटंजीतल्या एका घराच्या माळ्यावर, रद्दी पेपरात गुंडाळून. मी मात्र खाली अंगणात उभी आहे. हे असं कसं झालं, तेच सांगते. यातला एकही शब्द खोटा नाही. थोडी हवा भरलेली असेल, पण हवा भरल्याशिवाय टायर चालत नाही, तशी गोष्टही चालत नाही.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडचा. दोनच दारं, लाल रंग, मागे उतरत गेलेलं छप्पर, आणि जमिनीलगत इतकी बसकी की मांजरही माझ्याखालून मान वाकवून जायचं. धावण्यासाठीच मला घडवलं होतं. सामान ठेवायला जागा नाही, आणि मागची सीट इतकी अरुंद की सासू बसवायची सोय नाही. अशी मी बोटीतून मुंबईला उतरले आणि यवतमाळच्या नंदकिशोर वकिलांकडे आले.

वकीलसाहेब मला एका हाताने चालवीत. दुसऱ्या हाताने रस्त्यावरच्या लोकांचे नमस्कार घेत. कोर्ट घरापासून चालत पाच मिनिटांवर होतं, म्हणून ते राळेगावच्या रस्त्याला लांबचा फेरा मारून कोर्टात जात. त्या रस्त्याला हंगामात कापसाच्या गाड्या लागायच्या. मी शेजारून अशी सुटायचे, की गाड्यांवरचा कापूस उडून माझ्या मागे ढग होऊन यायचा. एका हंगामात मागच्या काचेजवळ जमलेल्या कापसाची वकीलसाहेबांच्या सूनबाई रजनीबाईंनी गादी भरून घेतली. दोन माणसांची.

पण मित्रांनो, दिवस सारखे राहत नाहीत. वकीलसाहेब गेले. मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला, रजनीबाई यवतमाळचं घर सांभाळत राहिल्या. मला मागच्या लिंबाखाली लावलं, आणि एकोणीस वर्षं कोणी किल्ली लावली नाही. टायर बसले, काचा आंधळ्या झाल्या. एक कोंबडी डाव्या खिडकीतून आत आली आणि ड्रायव्हरच्या सीटवर अंडी घालू लागली. तिच्या सहा पिढ्या माझ्यात वाढल्या. त्यांतली एकही पिढी मला घेऊन कुठे गेली नाही.

तेव्हा उकंडा आला.

उकंडा एसटीतला माणूस. आठ वर्षं वर्कशॉपमध्ये हेल्पर, मग तीस वर्षं ड्रायव्हर. हेल्पर असताना डेपोसमोर मी एकदा बंद पडले होते. तेव्हा या पोरसवदा उकंडाने मला ढकललं होतं, आणि हात काढताना माझ्या पाठीवर दोनदा थोपटलं होतं. मी ते विसरले नव्हते. तोही नाही. निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी तो रजनीबाईंपुढे जाऊन उभा राहिला.

"बाई, ते लिंबाखालची गाडी मले द्या."

"घेऊन जा बाबा, माझं अंगण मोकळं होईल," रजनीबाई म्हणाल्या. "पण एक अट आहे. कोंबडीसकट न्यायची."

ट्रॅक्टरमागे बांधून मला घाटंजीला, उकंडाच्या घरी आणायचं ठरलं. अर्ध्या वाटेत ट्रॅक्टरच बंद पडला. शेवटी एका शेतकऱ्याने आपली बैलजोडी दिली. माझ्या बॉनेटखाली ऐंशी घोडे झोपलेले, पुढे दोन बैल ओढताहेत, सुकाणू उकंडाच्या हातात आणि कोंबडी मागच्या सीटवर. अशी माझी वरात घाटंजीत शिरली. तो नेमका आठवडी बाजाराचा दिवस होता. वांगी घ्यायला आलेले लोक वांगी विसरले.

दारात उकंडाची बायको तुळसाबाई उभी होती. तिने मला एकदा पुढून पाहिलं, एकदा मागून पाहिलं.

"एसटीनं तीस वर्षं तुमाले बसाले सीट देली, त्यानं मन नाही भरलं काय?" ती म्हणाली. "आता पापड कुठी वाळवाचे मी?"

पुढची चार वर्षं उकंडा मला उघडत आणि जोडत राहिला. माझे पार्ट आता या देशात तर नाहीच, त्या देशातही मिळत नव्हते. मग मिळेल ते बसत गेलं. रेडिएटर ट्रॅक्टरचा. कार्बोरेटर जुन्या जीपचा. घाटंजीच्या रस्त्यावर माझं पोट घासायचं, म्हणून जीपचेच स्प्रिंगचे पाटे घातले आणि मी एक हात वर उचलले गेले. सीटमध्ये नवा कापूस भरला. तो जरा जास्त झाला आणि तुळसाबाईचं डोकं छपराला लागलं. दुसरा कोणी असता तर कापूस काढला असता. उकंडाने छप्पर वाढवलं. धान्याच्या कोठ्या बनवणाऱ्या पत्रेवाल्याकडून एक वीत उंच नवं छप्पर आणि त्याला जुळणारी दारं करून घेतली, आणि मी तुरा काढलेल्या कोंबडीसारखी दिसू लागले. शेवटी लाल अंगावर पिवळा पट्टा आला. तो कशासाठी, असं विचारलं की उकंडा म्हणायचा, "पट्ट्याशिवाय गाडी उघडीबोडकी वाटते."

मला लाज वाटायची, मित्रांनो. खोटं कशाला सांगू. मी धावण्यासाठी जन्मलेली, आणि माझी हळूहळू एसटी होत होती.

पण एक गोष्ट होती. काढलेला प्रत्येक पार्ट तो रॉकेलने धुवायचा, पुसायचा, पेपरात गुंडाळायचा, वर चिठ्ठी लावायचा आणि माळ्यावरच्या पेटीत ठेवायचा. चिठ्ठीवर लिहिलेलं असायचं, 'डावा आरसा. तडा आहे. सांभाळून.' स्वतःच्या दुधाच्या दातांनाही कोणी इतकं जपत नाही.

पहिल्यांदा इंजिन चालू झालं तो दिवस मला आठवतो. सगळी गल्ली जमली होती. उकंडाने दाढी केली, डॅशबोर्डवरच्या बाबासाहेबांच्या फोटोला हात जोडले, चावी फिरवली. इंजिन बोललं. त्याने क्लच दाबला, गिअर टाकला. आणि तसाच बसून राहिला. एक मिनिट झालं. पाच मिनिटं झाली. रेडिएटरमधून वाफ निघू लागली.

"काहून थांबले जी?" मागच्या सीटवरून तुळसाबाईने विचारलं.

उकंडा ओशाळला. "पाय उठून नाही राह्यला व. डबल नाही झाली ना."

तीस वर्षं, मित्रांनो. कंडक्टरची एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे निघ. डोक्याला कळत होतं की ही आपली गाडी आहे. पायाला कळत नव्हतं. तुळसाबाईने मांडीवरचा डबा उचलला आणि त्याच्या झाकणावर चमचा आपटला. टण टण. आणि मी निघाले.

पुढच्या बाजाराला तिने स्वतः बैलाच्या गळ्यातली पितळी घंटी निवडून आणली. उकंडाने ती आपल्या डोक्यावर टांगली आणि छपराखालून दोरी काढून मागे तिच्या हातात दिली. त्या दिवसापासून ती माझी कंडक्टर झाली.

मग माझे चांगले दिवस आले. उकंडा एसटीच्या प्रत्येक थांब्यावर थांबायचा, पायच थांबायचा. आणि लाल गाडी, पिवळा पट्टा दिसला की लोक चढायचे. धावजी नावाचे एक म्हातारे तर चढल्या चढल्या आधार कार्ड काढून तुळसाबाईपुढे धरायचे. "पंच्याहत्तर झाले माय. आमाले फुकट हाय."

"इथं सगळ्याईलेच फुकट हाय, बसा," ती म्हणायची. तरी ते कार्डावरची तारीख तिला वाचायला लावत. नियम म्हणजे नियम.

धम्मचक्र दिनाला मी नागपूरला जायचे, दीक्षाभूमीवर. चौदा माणसं, भाकरीची दोन गाठोडी आणि पाण्याची टाकी घेऊन. चौघांच्या गाडीत चौदा कसे मावले, असं नागपुरात एकाने विचारलं. तुळसाबाई म्हणाली, "पंधरावा आजारी पडला, नाही तं तोबी मावला असता." बारा वर्षं असं चाललं.

आणि यंदा सलील आला.

सलील म्हणजे नंदकिशोर वकिलांचा नातू. राहणार पुण्याचा. जुन्या मोटारी पहिल्यासारख्या करून काचेच्या मोठ्या खोलीत ठेवायचा त्याला नाद. आजोबांची गाडी शोधत तो घाटंजीत आला, मला पाहिलं आणि अंगणातल्या बाजेवर मटकन बसला. तुळसाबाईने पाणी दिलं. त्याने ते डोळ्यांना लावलं.

"काका, हिचं हे काय झालं?" तो म्हणाला. "मला द्या. मी हिला होती तशी करतो. थंड खोलीत ठेवीन, धूळसुद्धा बसणार नाही."

उकंडा फडक्याने माझा आरसा पुसू लागला, तो आरसा स्वच्छ होता तरी.

बोलली ती तुळसाबाई. "घेऊन जा बापा. बारा वर्षं झाले, माह्ये पापड हिच्या टपावर वाळते. गुडघे दुखते आता माह्ये, चढनं-उतरनं होत नाही. हे काही बोलनार नाहीत. मी सांगून राह्यली, घेऊन जा."

आता माझ्या मनातलं सांगते. मला आनंद झाला. थंड खोली, माझं जुनं छप्पर, माझी जुनी उंची. रात्रभर मी उतरत्या छपराचीच स्वप्नं पाहिली. पण सकाळी उकंडा आला आणि त्याने माझ्या पाठीवर दोनदा थोपटलं. डेपोसमोर थोपटलं होतं तसंच. तेव्हापासून माझं ऑइल गळायला लागलं. लोक म्हणाले, वायसर गेला असेल. लोकांना काय कळतं.

आठ दिवसांनी सलील मोठा ट्रक घेऊन आला. पिंटू नावाचा ड्रायव्हर बरोबर होता. चढवण्याआधी सलील म्हणाला, "काका, एक चक्कर मारून दाखवा. इंजिन कसं आहे बघू."

तुळसाबाई मुद्दामच स्वयंपाकघरात गेली. भाकरी थापायची आहे म्हणाली. सलील शेजारी बसला. उकंडाने चावी फिरवली, क्लच दाबला, गिअर टाकला.

आणि बसून राहिला.

"काका, काही अडकलंय का?"

"नाही."

"मग निघू या ना."

"हो," उकंडा म्हणाला आणि बसून राहिला.

अर्धा तास गेला, मित्रांनो. मी तापले. त्याचा पाय क्लचवरून उठत नव्हता. कोंबडीची सातवी पिढी बॉनेटवर येऊन त्याच्याकडे बघत बसली. शेवटी सलील म्हणाला, "सरका, मी बघतो." तो ड्रायव्हरच्या जागी बसला, उकंडा शेजारी. आता माझा गिअर जीपचा, गिअरबॉक्स कशाकशाचा; पहिला म्हणून टाकला तो निघाला उलटा. मी मागच्या मागे गेले ती थेट कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या ढिगात. पिंटूने ट्रकमधून ओरडून सांगितलं, "साहेब, गाडी पुन्याले पाठमोरी जाऊन राह्यली."

सलील चिडला. वर पाहतो तर घंटी. "आधी ही काढून टाकतो," तो म्हणाला. "कुठल्या ओरिजनल गाडीत बैलाची घंटी असते?" आणि त्याने दोरीला हिसका दिला.

टण.

एकच. उकंडाचा पाय ब्रेक नसलेल्या बाजूलाही ब्रेक दाबू लागला. आणि स्वयंपाकघरातून तुळसाबाई बाहेर आली, दोन्ही हात ज्वारीच्या पिठाचे.

"सिंगल कोनं मारली?"

सलीलने दोरी सोडली.

"कंडक्टरशिवाय दोरीले हात लावाचा नाही, येवढं समजत नाही? मानसं पडते गाडीत." मग ती उकंडाकडे वळली. "आनि तुमी? अर्धा तास झाला, इंजिनचा आवाज येऊन राह्यला, गाडी काहून नाही हलवली? द्याची नव्हती तं तसं सांगाचं."

"द्याची नाही असं कुठी म्हनलो मी," उकंडा खाली मान घालून म्हणाला. "तू आत गेली. मंग कशी हलवू?"

तिने पिठाचे हात पदराला पुसले. बराच वेळ पुसत राहिली. मग दार उघडून, गुडघ्यावर हात टेकून, मागच्या सीटवर चढली.

"सरकून बस बाबू," ती सलीलला म्हणाली. "ते ड्रायव्हरची सीट हाय."

टण टण. आणि पऱ्हाट्या उडवत मी निघाले. माझ्या ऐंशी घोड्यांपैकी जे जिवंत होते ते सगळे एकदम उठले. सलील शेजारी दांडी धरून बसला होता. पहिल्या थांब्यावर धावजी चढले आणि सवयीने आधार कार्ड सलीलपुढे धरलं. त्याने ते घेतलं, जन्मतारीख वाचली, आणि आल्यापासून पहिल्यांदा हसला.

परत आल्यावर तुळसाबाईने त्याला माळा दाखवला. सहा पेट्या. भिंतीला टेकवलेलं जुनं छप्पर, दोन दारं, आणि पेट्यांत सुकाणू, आरसे, नटबोल्ट, सगळं पेपरात, सगळ्यावर चिठ्ठ्या. "तुह्या आज्याची गाडी वरतं हाय बापा," ती म्हणाली. "खालची आमची हाय. वरची घेऊन जा. माळाबी मोकळा होते, पापडाचे डबे तिथं ठेवतो आता."

पिंटूच्या ट्रकमध्ये छप्पर, दारं आणि सहा पेट्या चढल्या. 'डावा आरसा' ही चिठ्ठी सलीलने खिशात ठेवली. सांगाडा त्याने दुसरीकडून मिळवला म्हणे, आणि आता पुण्याच्या थंड खोलीत एक लाल, बसकी, देखणी मोटार उभी आहे. तीही येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगते की मी नंदकिशोर वकिलांची मोटार. असेल बापडी. माझेच नटबोल्ट आहेत, मी कशाला नाही म्हणू? पण तिच्या पाठीवर कोणी दोनदा थोपटत नाही, एवढं मला माहीत आहे.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी जुनी वस्तू कोपऱ्यात असेल. ती पहिल्यासारखी राहिली नाही म्हणून तिला टाकू नका. जिचं काहीच बदललं नाही, तिला कोणी वापरलंच नसेल. तिचा एखादा पार्ट गेला तर दुसरा बसवा, नाही बसला तर छप्पर वाढवा. आणि घरात जो कोणी दुसऱ्याची वाट पाहत, क्लच दाबून, गप्प बसलेला असेल, त्याच्याकडे एकदा बघा. कोंबडीसुद्धा बघते.

बरं, आता बोलणं पुरे. उद्या बाजार आहे, पण तुळसाबाईला आजच मिरच्या आणायच्या आहेत. ती आली, गुडघ्यावर हात टेकून चढली. उकंडाने गिअर टाकला आहे. आम्ही दोघंही कान देऊन आहोत.

टण.

थांबा, धावजी यायचे आहेत.

टण टण.