शेजारचा ब्रेक

"मास्तर, आत्ता ब्रेक कोणी लावला? मी की तुम्ही?"

गाडी चौकाच्या बरीच अलीकडे उभी होती. गाडी शिकायला येणाऱ्या नर्सबाईंनी स्टिअरिंग न सोडता थेट मास्तरांच्या पायाकडे पाहिलं. शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक असतो, अडीनडीला लावायला. मास्तरांचा पाय त्यावर गच्च रोवलेला होता.

"सवय हो," मास्तर ओशाळले.

"महिना झाला! एकदा तरी मला लावू द्या. परीक्षेला तुम्ही येणार आहात का शेजारी?"

एकवीस वर्षांत असं तोंडावर कोणी सुनावलं नव्हतं. बोलणं जिव्हारी लागलं. त्या दिवशी मास्तरांनी रस्त्याबरोबर स्वतःच्या पायावरही पाळत ठेवली. बघतात तर काय, कुत्रं लांब कडेला झोपलेलं, तरी पाय खाली. समोर हिरवा दिवा, तरी पाय खाली. शिकणाऱ्याला विचार करायची उसंतच नाही. असल्या पायाला काय म्हणावं!

संध्याकाळी मुलीचा फोन आला. ती दुसऱ्या शहरात असते. महिन्यातून एकदा फोन, तोही दोन मिनिटांचा. कामात असते बिचारी, असं मास्तर सगळ्यांना सांगत.

"बाबा, मी नोकरी सोडतेय."

मास्तरांचा पाय फरशीवर दाबला गेला. 'डोकं ठिकाणावर आहे का?' हे वाक्य तर तोंडात तयारच होतं. आज त्यांनी पाय पाहिला, वाक्यही पाहिलं, आणि फोन दोन मिनिटांत का संपतो ते त्यांना कळलं. बायको गेल्यापासून त्यांना बोलायला ही एकच उरली होती, आणि तिलाच त्यांनी दर वेळी अर्ध्यावर अडवलं होतं.

त्यांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतला.

"बरं. मग?"

ओरडा आला नाही, तशी तीच गोंधळली.

"बाबा? ऐकताय ना?"

"ऐकतोय. बोल तू."

आधी ती चाचरली, मग सुटलीच. खडूस साहेब, खोलीतली ओल, नवं काम. मास्तर नुसतं हं हं करत राहिले. एवढं गप्प बसणं फार जड जात होतं.

"नव्या कामाचं पत्र वाचून दाखवू? थांबा हं, चष्मा कुठे ठेवलाय कोण जाणे."

"चष्मा? तुला कधी लागला?"

"वाचायचा आहे. तीन वर्षं झाली, बाबा."

मास्तर खुर्चीत मागे रेलून बसले.

"शोध सावकाश," ते म्हणाले. "मी आहे फोनवर."